थाळीला लावलेलं तूप

पनवेल,
९ नोव्हेंबर २०२२

प्रिय रिवकाआत्या,

शालोम. फोनवर तुला एक वाक्य चार वेळा ऐकवताना माझा आवाज आणि तुझा धीर दोन्ही संपतात, म्हणून हे पत्र. शिवाय फोनवर तू मधेच "बरं, ठेवते" म्हणतेस. पत्रात ती सोय नाही.

मी बँकेची नोकरी सोडली. सोडणार आहे असं नव्हे, सोडली. एकतीस वर्षं काउंटरच्या काचेमागे काढली, वय त्रेपन्न झालं, आणि सॅम म्हणतो की मी आता घरात त्यालाही "पुढचे" म्हणून हाक मारते. नवऱ्याला पुढचे म्हणायला लागलं की नोकरी सोडावी हे बरं.

आता मला खाणावळ काढायची आहे. आपल्या कोकणातल्या ज्यूंच्या बेने इस्रायली जेवणाची. नारळाच्या दुधातलं मटण, हिरव्या मसाल्यातलं पापलेट, तांदळाच्या भाकऱ्या, सणासुदीला गव्हाच्या चिकाचा हलवा. पनवेलात आगरी जेवण मिळतं, मालवणी मिळतं, चायनीज तर गल्लोगल्ली मिळतं. आपलं कुठेच नाही. आपली माणसं इस्रायलला गेली आणि उरलेल्या चार घरांत आम्ही हे जेवण दार लोटून जेवतो. शेजाऱ्यांना वास तेवढा माहीत. मला ते रस्त्यावर आणायचं आहे.

जागा म्हणजे आपला गाळा. जुनं घर पाडून इमारत झाली तेव्हा बाबांच्या आणि तुझ्या नावावर मिळालेला. बाबा गेल्यापासून अर्धा माझा, अर्धा तुझा. झेरॉक्सवाला दिवाळीत सोडून गेला, शटर तेव्हापासून खाली आहे. परवान्याच्या अर्जाला तुझी लेखी संमती लागते. कागद सोबत आहे. सही कर आणि धाड, एवढंच काम.

तुझी,
जेरुशा


डिमोना,
४ डिसेंबर २०२२

चि. जेरूस अनेक आशीर्वाद,

कागद मिळाला. सही केलेली नाही.

वडीलधाऱ्यांना नोकरी सोडायच्या आधी विचारतात. सोडल्यावर कळवलं तर त्यात विचारण्यासारखं काय उरलं? बरं, स्वयंपाक कोण करणार? लग्नानंतरच्या पहिल्या सणाला तू केलेलं मटण तुझ्या बापाने मुकाट्याने खाल्लं आणि मला पत्रात लिहिलं की पोर बँकेत आहे तेच ठीक आहे. ते पत्र अजून माझ्या कपाटात आहे.

तुझ्या खाणावळीत कोळंबी नाही, खेकडा नाही. आपल्याला चालत नाही म्हणून. मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, म्हणून मटणाबरोबर दही नाही, ताक नाही, जेवणावर दुधाचा चहा नाही. शुक्रवारी दिवे लागले की शनिवारी दिवे लागेपर्यंत शब्बाथ, म्हणून शटर खाली. पनवेलात कोळंबीशिवायच्या खाणावळीची पायरी कोण चढेल? खारघरच्या टॉवरातली माणसं शनिवारीच बाहेर जेवायला निघतात, हे मला इथे इस्रायलच्या वाळवंटात बसून कळतं आणि तुला तिथे कळत नाही.

माझ्या ओरेनच्या ओळखीत तिथला एक जण आहे, त्याला औषधांचं दुकान टाकायचं आहे. तो गाळा घ्यायला तयार आहे. ओरेन म्हणतो विकून टाका, आणि मलाही ते पटतं. स्वयंपाक विकणं म्हणजे काय ते तुला ठाऊक नाही, जेरू. सॅमला आशीर्वाद सांग.

रिवका


पनवेल,
२८ डिसेंबर २०२२

प्रिय आत्या,

बाबांचं ते पत्र जाळून टाक.

तू सही करेपर्यंत मी हात बांधून बसले नाही. घरगुती स्वयंपाकाचा परवाना काढला आणि डबे सुरू केले. ठाण्याहून आठवड्यातून एकदा आपल्या नियमाने कापलेलं कोशेर मटण येतं. पहिल्या आठवड्यात चार डबे, आता बावीस. कामोठ्याच्या क्लासचे मास्तर आहेत, खारघरच्या कॉलेजातल्या दोन प्राध्यापिका आहेत. डबे मी आपल्या गाळ्याच्या पायरीवर बसून देते. मुद्दामच. लोक मागच्या शटरकडे बघतात आणि विचारतात, "ताई, हे कधी उघडणार?" मी सांगते, आत्या सही करेल तेव्हा. आता बावीस घरांत तुझं नाव झालं आहे.

शनिवारचं म्हणशील, तर निम्मं पनवेल शनिवारी मटणाला शिवतच नाही. मारुती आहे, शनी आहे. सोमवारी महादेव, गुरुवारी दत्त. आम्ही फक्त शनिवारी बंद असतो म्हटलं की लोक विचारतात, "एकच वार?" कोळंबीची विचारणा होते. नाही म्हणून सांगते. एकदा विचारतात, दुसऱ्यांदा मटणच मागतात.

स्वयंपाक मी करते. हाताखाली एक बाई घेतली आहे, भांडी आणि वरकामाला.

गाळा विकायचा नाही. सही आली नाही तरी मी खाणावळ उघडणारच. कामोठ्यात एक भाड्याचा गाळा बघून ठेवला आहे. एप्रिलातल्या पेसहच्या सणापर्यंत वाट बघेन, त्यापुढे नाही. पण आत्या, आपली जागा रिकामी ठेवून दुसऱ्याच्या दारात चूल मांडायला मला कसंसंच होतं. म्हणून पुन्हा विचारते. सही कर.

जेरुशा


डिमोना,
२२ जानेवारी २०२३

चि. जेरू,

माझं नाव बावीस घरांत नेलंस ते चांगलं नाही केलंस. नाकावरचा राग तू आमच्याच घरून नेला आहेस, त्यामुळे बोलताही येत नाही.

ठीक आहे. माझी नात ताली सैन्यातली सक्तीची वर्षं संपवून पाठीवर पिशवी टाकून गोव्यात हिंडते आहे. परत येताना ती पनवेलात उतरेल. तिच्याबरोबर चिकाचा हलवा धाड. चायना ग्रास घालून फसवायचं नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, नारळाच्या दुधात घोटायचा. माझ्या आईच्या हातची वडी बोटाने दाबली की दबायची आणि सोडली की वर यायची. तशी झाली असेल तर मी सही करीन. नसेल तर गाळा विकायचा, आणि तू वाद घालायचा नाहीस. कबूल असेल तर हलवा धाड.

रिवका


पनवेल,
१३ फेब्रुवारी २०२३

आत्या,

कबूल. हलवा तालीच्या पिशवीत आहे, तिचे बूट त्याच्या खालच्या कप्प्यात ठेवायला लावले आहेत. दोन तास ढवळला. आज वेणी घालायला हात वर जात नाही, तरी पत्र लिहिते आहे.

ताली गोड आहे. तिने पाच भाकऱ्या खाल्ल्या आणि "अजून" हा शब्द शिकली. वडी दाबून बघ.

जेरुशा


डिमोना,
१९ फेब्रुवारी २०२३

जेरू,

शुक्रवारी सगळे जेवायला होते. ओरेन, सून, नातवंडं. कोंबडीचा रस्सा झाला आणि मी तुझा डबा उघडला. वडी दाबली. दबली आणि वर आली. ओरेनकडे बघून मी हसलेसुद्धा. मग तोंडात घातली.

थाळीला तूप लावलंस तू.

खोबरेल लावायचं, नाहीतर नारळाच्या दुधाचा हात पुसायचा. हा हलवा आपण नारळाच्या दुधात का करतो? मटणावर खाता यावा म्हणून. शेकडो वर्षं आपल्या बायकांनी गाईम्हशीचं दूध बाजूला ठेवून नारळ खवले ते हौस म्हणून नव्हे. आणि तू, आपलं जेवण रस्त्यावर आणायला निघालेली, तू थाळीला तूप चोपडलंस. सगळ्यांच्या बशीतल्या वड्या मला उचलाव्या लागल्या. नातू रडला. ओरेनने माझ्याकडे कसं बघितलं ते मी लिहीत नाही.

सही होणार नाही. औषधवाल्याला निरोप द्यायला मी ओरेनला सांगते आहे.

रिवका


पनवेल,
१४ मार्च २०२३

आत्या,

चूक माझी. घाईत मीच तूप लावलं. काय सांगू, त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं. तू वड्या उचलल्यास ते बरोबर केलंस.

पण एका थाळीवरून मी खाणावळ सोडणार नाही. कबूल केलं होतं की वाद घालणार नाही, म्हणून गाळ्याचा वाद घालत नाही. माझा अर्धा हिस्सा मात्र मी विकणार नाही, औषधवाल्याला तेही कळव. पेसह झाला की कामोठ्यातला गाळा घेते. आज सदतीस डबे होते. तू रागावलीस तरी उद्याही सदतीस होतील.

एक गोष्ट खरी सांगते. सही नाही याचं जेवढं दुःख झालं त्याहून जास्त दुःख तू वडी दाबून हसली होतीस हे वाचून झालं.

जेरुशा


पनवेल,
१६ मार्च २०२३

ती. रिवकाआत्यांस,

सॅमचा नमस्कार. अक्षर माझं आहे, पण पत्र जेरुशाबरोबर डबे करणाऱ्या ठमाबाईंचं आहे. ठमाबाई कामोठे गावातल्या. तिथल्या लग्नात त्यांच्या हातचं मटण असलं की पाहुण्यांची संख्या वाढते. मी दुपारी टेबलाशी बसून तुमचं पत्र पुन्हा वाचत होतो, त्यांनी ते मोठ्याने वाचायला लावलं. मग तुमची आलेली आणि तुम्हाला गेलेली सगळीच पत्रं वाचून घेतली. जेरुशा पत्रांची कच्ची प्रत ठेवते, बँकेची सवय. त्यानंतर त्यांनी मला बसवलं आणि लिहायला सांगितलं. जेरुशाला हे ठाऊक नाही. त्या बोलतात तसंच उतरवतो.

"मावशी, रामराम. थालीला तूप मी लावलं. जेरुशाबायनं नाय. ती तालीला घेवाला ठेसनावर गेलेली. हलवा तयार, थाली कोरी. चिकटंल म्हनून मी तूप लावलं. आमच्यान वडीच्या थालीला तूपच लावतान, ते काय कोनाला इचारतान? मना बायनं पैल्या दिशीच सांगलेलं, दूद नाय, दही नाय, ताक नाय. तूप नाय असं कोन बोललं नाय. तूप म्हंजे दूद, हे माज्या डोक्यान आलंच नाय. बायनं घरा येऊन थाली भरलेली बगितली नि डबा भरून दिला. तिला पन ठावं नवतं. तुमचं पत्र आलं तवा मी तिला सांगलं. ती बोलली, गप रावा, मी बगते.

आता दुसरं. बायनं तुमाना लिवलंय मी भांड्याला हाय. मावशी, मटन मी शिजवते. भाकऱ्या मी थापते. मसाला तिचा नि हलवा तिचा. आमी दोगी सारक्या. भांडी सॅमभाव घासतान. (हे खरं आहे. सॅम.) हे ऐकून मना लय वाईट वाटलं. पन ती खोटं का बोलली ते पन मना समाजलं. तुमाना बाहेरचा हात चालाचा नाय म्हनून भिली.

आता सैपाकघरान तूप नाय. दुदाचा टोप येगला, वरच्या फलीवर, त्याला लाल दोरा बांदलाय. कोलंबीबिगर खानावल मना बी पैलं येडेपनाच वाटला व्हता. आता सवय झाली. शनवारी तर आमी पन वशाट खात नाय, तवा मी पन घरा झोपते. सही द्या नायतर नका देऊ. पन राग धराचा तर माज्यावर धरा. तूप माज्या हातानं लागलंय.

ठमाबाई"

एवढंच. पत्र मी स्वतः पोस्टात टाकतो.

आपला,
सॅम


डिमोना,
१६ एप्रिल २०२३

ठमाबाईंना रामराम, जेरूला आशीर्वाद. हे पत्र सॅमने दोघींना एकत्र बसवून मोठ्याने वाचावं.

जेरू, तू मला दोनदा खोटं लिहिलंस. एकदा भीतीने आणि एकदा ठमाबाईंना सांभाळायला. दुसऱ्याचा मला राग नाही. पहिल्याची तू त्यांची माफी मागायची आहेस, माझी नव्हे.

आता माझं खोटं. ते तुझ्या खोट्यापेक्षा जुनं आहे.

मी इथे आले त्यानंतर काही वर्षांनी, ओरेन शाळेत जायला लागला तेव्हा, मी खाणावळ काढली होती. कारखान्याच्या बस थांब्याजवळ, पाच टेबलांची. आपलंच जेवण. कामगार यायचे, मोरोक्कोचे, रुमानियाचे, आपलेही. त्यांना रस्सा आवडायचा. हाताखाली एक मोरोक्कोची बाई होती, फार गुणी. एकदा मी बाजारात गेले असताना तिने रश्श्यात जिरं घातलं. तिच्या घरी घालतात म्हणून. मी परत आले, चव घेतली आणि तिला त्याच पावली घरी पाठवलं. गिऱ्हाइकांच्या देखत. ती रडत "मला सांगा, मी शिकते" म्हणत होती. मी ऐकलं नाही.

त्यानंतर मी कुणाचा हात लागू दिला नाही. बाजार मी, वाटण मी, भाकऱ्या मी, टेबलं पुसायची मी. माझी चव बिघडायला नको. चौदा महिने केलं. एके दिवशी पीठ मळून ठेवलं आणि खुर्चीत बसले, ती उठूच शकले नाही. गिऱ्हाइकं दारातून डोकावून गेली. दुसऱ्या दिवशी मी पाटी उतरवली. तुझ्या बापाला लिहिलं की मला नगरपालिकेत कारकुनाची नोकरी लागली. तो बिचारा शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचा, माझी बहीण कचेरीत आहे.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, हीसुद्धा अशीच एका खुर्चीत बसेल. म्हणून सही केली नाही. बाकी कोळंबी आणि शनिवार या तोंडी लावायच्या गोष्टी होत्या.

ठमाबाई, तुम्ही "तूप नाय असं कोन बोललं नाय" असं लिहिलंत ना, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्या बाईलाही मी कधी सांगितलं नव्हतं की जिरं नको. आणखी एक सांगते. शुक्रवारी मी सगळ्यांच्या बशीतल्या वड्या उचलल्या हे खरं. पण रविवारी सकाळी, दुधाच्या न्याहारीबरोबर, तूप चालतं तेव्हा, मी एकटीने पाच वड्या खाल्ल्या. हलवा अगदी आईच्या हातचा होता. ते मी त्या पत्रात लिहिलं नाही.

औषधवाल्याला नाही म्हणून कळवलं आहे. माझा अर्धा हिस्सा मी जेरूच्या नावे सोडून देते. हक्कसोडीचे कागद करून धाड. गाळा तुझा, खाणावळ तुमची. मला यात धरू नका. मी ऐंशीला टेकलेली आणि या धंद्यात एकदा हरलेली बाई आहे.

रिवका


पनवेल,
८ मे २०२३

प्रिय आत्या,

सॅमला तुझं पत्र वाचताना मधे दोनदा चष्मा पुसावा लागला. ठमाबाई उघड रडल्या. मी आधी चिडले. अगं, माझी आत्या परदेशात सरकारी कचेरीत आहे म्हणून मी शाळेत किती मिरवलं! मग ती खुर्ची डोळ्यांपुढे आली आणि मलाही रडू आवरेना. चौदा महिने एकटीने? ठमाबाईंशिवाय माझे चौदा दिवस निघाले नसते.

माफी मागितली. त्यांच्या घरी कामोठ्याला जाऊन, त्यांच्या सुनेसमोर. त्या म्हणाल्या, नुसत्या तोंडाने नको, आणि पिठाची परात पुढे ठेवली. चाळीस भाकऱ्या थापून झाल्यावर माफ केलं. त्यातल्या दहा गोल होत्या.

आता कामाचं. हक्कसोडीचे कागद मी करणार नाही. तुझा हिस्सा मला नको. कामोठ्याच्या गाळेवाल्याला मी पंधरा दिवस थांबवलं आहे, तो रोज फोन करतो. पण तू हिस्सा सोडून बाजूला होणार असशील तर मी सरळ त्याचाच गाळा घेईन आणि आपलं शटर खालीच राहील. रागाने लिहीत नाही, ठरवून लिहिते आहे. हरलेल्या माणसाची जागा मला दया म्हणून नको. मला तुझी चव हवी. तुझ्या त्या रश्श्यासाठी रुमानियाचे कामगार रांग लावत होते, तो मला येत नाही. कुणीतरी शिकवायला हवा.

सोबत नवा कागद आहे. भागीदारीचा. नावं तीन, भागीदार जेरुशा, रिवका, ठमाबाई. ठमाबाईंनी सही केली, मी केली. मधली जागा तुझी आहे. पेनाने कर, पेन्सिलीने नको.

जेरुशा


डिमोना,
४ जून २०२३

जेरू आणि ठमाबाई,

कागद या पत्राबरोबर आहे. सही मधल्या जागेत आहे, पेनाने केलेली. रश्श्याची कृती मागच्या पानावर लिहिली आहे. त्यात जिरं नाही. पण ठमाबाईंना कधी घालावंसं वाटलं तर त्यांनी आधी एका वाटीत करून बघावं आणि कसा लागला ते मला कळवावं.

सही साक्षीदारासमोर करायची म्हणून ओरेन मला कचेरीत घेऊन गेला. वाटेत चार वेळा म्हणाला, "आई, या वयात?" मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. तिथे आणखी एक फॉर्म होता. ओरेनने माझ्या वतीने सगळा भरला. नाव, वय, पत्ता, आणि व्यवसायाच्या रकान्यात "गृहिणी". मी त्याच्या हातातून पेन घेतलं, ते खोडलं आणि लिहिलं: खाणावळ. ओरेन म्हणाला, असं खोडता येत नाही. मी म्हटलं, आलं की.

टेबलापलीकडचा तरुण अधिकारी भला होता. त्याने रकाना वाचला, माझ्या काठीकडे बघितलं आणि विचारलं, "आजी, किती वर्षं करता हा धंदा?"

मी त्याला सांगितलं, "चौदा महिने झालेत. पुढचे आता पनवेलात."

शटर उघडा.

तुमची भागीदार,
रिवका